विश्लेषण : जेट्टीवर नीट चालणारे बोटीचे इंजिन खाडीच्या तोंडावर का बंद पडते?

एका दोरीत सुरू होते, रिकामे छान चालते. गिअर टाकून रेस दिली की मात्र गुदमरते आणि थांबते. होडीला मागे बसवलेल्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनांची ही नेहमीची तक्रार. रस्त्यावर दुचाकी बंद पडली तर ढकलत नेता येते. खाडीच्या तोंडावर ओहोटीचा ओढ असताना होडी बंद पडली, तर ती खडकावर जाईल की बाहेर समुद्रात, हे प्रवाहच ठरवतो.

पावसाळ्यानंतरच का?

राज्यात यंत्रचलित नौकांना साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. या दोन महिन्यांत इंजिन पडून राहते. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. रिकाम्या गतीसाठीचे आणि पूर्ण गतीसाठीचे इंधन वेगवेगळ्या बारीक छिद्रांतून येते. मोठे जेट अर्धवट बुजले, तरी इंजिन रिकामे चालते. पंख्यावर पाण्याचा भार आला की त्याला इंधन कमी पडते.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल धरते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाला बसते, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच इंधन ओढते. या तळच्या थरात टू-स्ट्रोकचे ऑइल जवळपास नसते. म्हणजे इंजिन नुसते बंदच पडते असे नाही, कोरडे चालून जॅमही होऊ शकते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते वापरू नका.

फुगा काय सांगतो?

इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा हे फुकटातले तपासणी यंत्र आहे. (इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत प्रेशर गेजचे आलेख काढले, पण ही गोष्ट कोणी शिकवली नाही.) सुकाणू एकाने धरावे. इंजिन दमायला लागले की दुसऱ्याने फुगा दाबत राहावे. त्याने इंजिन सावरले, तर इंधन पुरेसे पोहोचत नाही हे नक्की. बहुतेक वेळा इंजिनावरच्या इंधन पंपाचा पातळ पडदा कडक झालेला किंवा फाटलेला असतो.

फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते आणि काही मिनिटांत इंजिन थांबते. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला, तर दुरुस्ती तिथेच संपली! फुगा कधीच घट्ट होत नसेल, तर नळीच्या जोडातून हवा शिरते आहे. जोडातली रबरी रिंग बदला.

फुगा दाबूनही फरक पडला नाही, तर चोक किंचित ओढून पाहा. क्षणभर जोर आला, तर मोठे जेट साफ करण्याची वेळ आली आहे.

ठिणगी आणि पाणी

थंड असताना ठीक, पंधरा-वीस मिनिटांनी बंद आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू, असे होत असेल तर इग्निशन कॉइलवर संशय घ्या. मात्र झाकणाचा स्क्रू बंद असला तरी लक्षण असेच दिसते, म्हणून कॉइलवर पैसे घालण्याआधी तो पाहावा. दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक तपकिरी आणि दुसरा ओला-काळा असेल, तर एकच सिलिंडर काम करतो आहे.

इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली असेल तर रेस देऊ नका. पाणी खेचणारा रबरी इंपेलर झिजलेला असतो किंवा मार्गात मीठ, वाळू अडकलेली असते. पंख्याला जाळ्याचा दोरा गुंडाळला आहे का, हेही बघा. हात घालण्याआधी इंजिन बंद करून सुरक्षा दोरी काढा.

पिंपात चालवून ‘झाले ठीक’ म्हणू नका. पिंपात खरा भार येतच नाही. होडी जेट्टीला दोन्ही बाजूंनी मजबूत बांधून गिअरमध्ये थोडा वेळ चालवा, मग किनाऱ्याजवळच एक फेरी मारा. नांगर आणि वल्ही सोबत हवीतच. इंजिन बंद पडले की दोरी ओढत बसण्याआधी नांगर टाका.

पुढच्या मे महिन्याच्या शेवटी इंजिन पिंपातल्या गोड्या पाण्यात चालवत ठेवून इंधनाची नळी काढा आणि ते आपोआप बंद पडू द्या. कार्बोरेटर जवळपास रिकामा होतो आणि आतले मीठही धुऊन निघते.