शेवटच्या रांगेसाठी शिवलेला कोट

मार्च १९५७. शिकागोच्या कार्यक्रमात एल्विस प्रेस्ली नखशिखांत सोनेरी सुटात मंचावर आला आणि गाता गाता गुडघ्यांवर घसरला. ते पाहून त्याच्या मॅनेजरचा, कर्नल पार्करचा, जीव खालीवर झाला म्हणतात. प्रत्येक घसरणीत गुडघ्यावरचं सोनं फळीवर खरवडून निघत होतं, आणि या सुटाची किंमत दहा हजार डॉलर म्हणून गाजवलेली. पुढे एल्विसने ती विजार बहुतेक सोडूनच दिली. काळ्या विजारीवर नुसता सोनेरी कोट घालू लागला.

शिंप्याच्या हिशेबाने हा कपडा फसलाच. क्षणभर स्वस्थ न उभा राहणाऱ्या माणसाला बसता-उठता जपावी लागणारी विजार! तरी १९५९ साली निघालेल्या एल्विसच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर झळकला तो हाच सूट.

तो न्यूडी कोन या शिंप्याच्या दुकानातला. त्याचं मूळ नाव नूता कोत्ल्यारेन्को, जन्म १९०२ चा, कीवचा. ज्यूंच्या कत्तलींच्या भीतीने घरच्यांनी त्याला अकराव्या वर्षी भावासोबत अमेरिकेला धाडलं. तिथे त्याने बूटपॉलिश केलं, मुष्टियुद्ध खेळून पाहिलं. फॅशनचं रीतसर शिक्षण काही त्याच्या वाट्याला आलं नाही. १९३४ मध्ये हेलनशी (सगळे तिला बॉबी म्हणत) लग्न झाल्यावर दोघांनी न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटलं. गिऱ्हाईक म्हणजे रंगमंचावर नाचणाऱ्या मुली, आणि माल म्हणजे त्यांचे जेमतेम अंग झाकणारे चमचमते कपडे. पुढे न्यूडीने गायकांसाठी शिवलेल्या काउबॉय थाटाच्या कोटांवर खडे कुठून आले, याचं उत्तर मला तरी या दुकानात दिसतं. दिव्याच्या झोतात काय चमकतं आणि काय मरतं, हे तो तिथेच शिकला असणार.

कॅलिफोर्नियात आल्यावर गॅरेजमध्ये काम सुरू झालं, पण शिलाई मशीनला पैसे नव्हते. १९४७ च्या सुमारास टेक्स विल्यम्स नावाच्या धडपड्या गायकाला त्याने गळ घातली. टेक्सने घोडा लिलावात काढून मशीन घेऊन दिलं. न्यूडीने कपडे शिवून ते फेडलं.

त्याच्या कोटांचं कापड बहुधा जाड लोकरी गॅबर्डीन, कारण पातळ कापड भरतकामाच्या भाराने गोळा होतं. त्यावर साखळी टाका. या भरतकामाच्या मशीनखाली मुठीचा एक दांडा असतो. तो वळवावा तिकडे टाका वळतो, कापड फिरवावं लागत नाही. म्हणजे कारागीर सुईने जवळपास चित्रच काढतो. मग चित्राच्या कडेने खडे, एकेक धातूच्या पंजात दाबून बसवलेले. असा कोट अंगावर जड होतो, दिव्यांखाली उकडतं. पण तो गायकाच्या सोयीसाठी नव्हताच. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसासाठी होता.

त्या माणसाला गायकाचं नाव लांबूनच वाचता यावं, अशी न्यूडीची युक्ती होती. पोर्टर वॅगनरच्या कोटावर वॅगनची, म्हणजे गाडीची चाकं, वेब पियर्सच्या कोटावर ‘वेब’, म्हणजे कोळ्याची जाळी. आपल्याकडे एखाद्या कुलकर्ण्याच्या पाठीवर बोरू-दौत भरावी, तसलाच हा बाळबोध विनोद. वॅगनरला पहिला सूट त्याने फुकट दिला. हिशेब पक्का होता. पुढे वॅगनरने पन्नासेक सूट घेतले आणि चालतीबोलती जाहिरातही केली.

पण न्यूडीच्या दुकानाचा सगळ्यात विलक्षण सूट त्याने स्वतः केलेला नाही. तो मॅन्युएल क्वेव्हासचा. मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतातला हा मुलगा सातव्या वर्षी थोरल्या भावाकडून शिवण शिकला आणि न्यूडीचा कारागीर, मग जावई झाला. ग्रॅम पार्सन्स या तरुण गायकासाठी त्याने पांढरा सूट केला, तो १९६९ मध्ये ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’ या रेकॉर्डच्या वेष्टनावर आला. कोटावर अफूची फुलं, गांजाची पानं, झोपेच्या गोळ्या. कॉलरपाशी नग्न बायका. विजारीच्या तळापासून वर चढणाऱ्या ज्वाळा. आणि पाठीवर भला मोठा क्रूस. इथे नावाची कोटी नाही. माणसाची सगळी ओढाताणच कापडावर भरली आहे, आणि टाका मात्र तोच, गाडीच्या चाकांचा. चार वर्षांनी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पार्सन्स मॉर्फिन आणि दारूने गेला. सूट आता नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक संग्रहालयात आहे. पुढे मॅन्युएलचा घटस्फोट झाला आणि त्याने स्वतःचं दुकान काढलं.

न्यूडी स्वतः आपल्या मालाची उत्तम पाटी होता. मोटारीला बैलाची शिंगं, दाराला पिस्तुलाच्या मुठी, आतून चांदीचे डॉलर जडवलेले. पायात मात्र मुद्दाम दोन वेगळे बूट. धड जोडी परवडत नव्हती ते दिवस विसरू नयेत म्हणून. १९८४ मध्ये तो गेला, दुकान १९९४ मध्ये बंद झालं.

डॉलरच्या नोटांवरच्या वॉशिंग्टनच्या चेहऱ्यावर न्यूडी स्वतःच्या फोटोचा स्टिकर लावून त्या वाटायचा. कंटाळा आला की माझं तोंड सोलून काढा आणि नोट खर्च करा, असं सांगायचा.