केडगाव : मुक्तीचे शेत कॅमेऱ्यातून

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. (नगरजवळचे केडगाव वेगळे.) नारायण महाराजांच्या दत्तमंदिरामुळे भाविकांना हे गाव ठाऊक आहे. कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यांची ओढ मात्र बहुधा पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे असते, आणि आत गेल्यावर जो तो भव्य प्रार्थनामंदिराकडे वळतो. माझे सांगणे एवढेच, की आधी शेत पाहावे, विहिरी पाहाव्यात.

मुक्तीचा जन्मच शेतात झाला. रमाबाईंनी विधवांसाठी 1889 मध्ये मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. त्याला मदत करणाऱ्या बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने शब्द दिला होता तो दहा वर्षांचा. पुढे काय, या विचाराने रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचे होते. भागवत मुखोद्गत असलेल्या, कोलकात्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या बाईने मांडलेला हा शेतीचा हिशेब मला त्यांच्या विद्वत्तेइतकाच मोठा वाटतो.

बाग हाताशी येण्याआधीच 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि बालविधवा आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, तेव्हा हे शेतच त्यांचे घर झाले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांची, गुराढोरांची आणि भाजीपाल्याची तहान भागवायची म्हणजे सारी भिस्त विहिरींवरच. विहिरीचा फोटो घ्यायचा तर भर दुपारी घ्यावा. एरवी फोटोग्राफर टाळतात तीच ही वेळ, पण खोल विहिरीच्या तळाशी ऊन पोचते ते सूर्य माथ्यावर आल्यावरच.

1905 च्या जूनमध्ये इथल्या मुलींच्या प्रार्थनासभांना वेगळेच भरते आले. रडणे, पापांची कबुली, रात्र रात्र चाललेली प्रार्थना. लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध ख्रिस्ती धर्मजागृती त्यानंतर वर्षभराने झाली. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांची या अनुभवाविषयीची पुस्तिका केडगावहून थेट चिलीतल्या व्हालपरायसोला पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली. धर्मचळवळीशी जोडलेले शेत दुसरीकडेही आहे : मॉर्मन पंथाचे लोक न्यूयॉर्क राज्यात पामायराजवळच्या स्मिथ कुटुंबाच्या शेतावर श्रद्धेने जातात. तिथले लाकडी घर पुन्हा उभारावे लागले. मुक्ती मात्र नुसते स्मारक नाही; इथे आजही बायका-मुले राहतात.

म्हणूनच कॅमेऱ्याला इथे मर्यादा हवी. त्या काळच्या मिशनरी पुस्तकांत दुष्काळातून आलेल्या मुलींची छायाचित्रे छापली जात. त्यातून देणग्या आल्या असतील, पण ते उघडे दैन्य आज बघवत नाही. आता संस्थेतल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्यानेच बंदी आहे. कार्यालयात परवानगी मागावी, मुलांचे चेहरे टाळावेत. टिपायचे ते इथले काम. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणत होत्या, तेव्हा छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका इथल्याच होत्या. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. त्या बायकांच्या कामाच्या खुणा जिथे दिसतील, तिथे फोटो जरूर काढावा.