खोट्या रस्त्यावरचे खरे पाऊल

‘आभास’ ह्या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. अंधारात दोरी पडलेली असते, आपल्याला साप दिसतो आणि दिवा आणला की तो नाहीसा होतो. वेदान्त्यांनी हा दृष्टान्त देऊन आभासाला कायमचे खोट्याच्या पंक्तीत बसवले. परंतु साप खोटा असला, तरी त्याला पाहून मागे घेतलेले पाऊल खरेच असते! मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या उपचारात हल्ली ‘आभासी वास्तवा’चा जो उपयोग होतो, त्याचे सारे मर्म ह्या पावलात आहे.

कल्पना तशी जुनी आहे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड ह्यांनी डोक्यावर चढवायचे असे एक यंत्र दाखवले होते. त्याचा सांगाडा छताला टांगलेला असे. आज तेच यंत्र पाणबुड्याच्या चष्म्याएवढे झाले आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, म्हणून खोली भासते; आणि मान वळवावी तसे दृश्यही वळते.

आता स्कूटरवरून पडलेल्या एखाद्या मुलाचा विचार करा. डोक्यावरची जखम महिन्याभरात भरते. पण हात नीट उचलत नाही, तोल जातो, लक्ष टिकत नाही. मेंदूचा शाबूत भाग काही कामे नव्याने शिकू शकतो. मात्र त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. आठ वर्षांचे पोर एका वाटीतले मणी दुसऱ्या वाटीत किती दिवस टाकील? तेच पोर डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर तरंगणारे फुगे फोडण्यासाठी तोच दुखरा हात आनंदाने उचलते. फुगे किती उंच आणि किती वेगाने सोडायचे, हे उपचार करणारे ठरवतात.

दुसरा लाभ असा, की इथे चुकायला मुभा असते. इस्रायलमधील हैफा विद्यापीठाच्या संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी संगणकावर एक रस्ता उभा केला. तो ओलांडताना मोटार अंगावर आली, तरी कोणाला खरचटत नाही. अमेरिकेत अल्बर्ट रिझो ह्यांनी मुलांसाठी आभासी वर्ग तयार केला. फळ्याकडे लक्ष द्यायचे असते, आणि तेवढ्यात कागदी विमान उडते, खिडकीबाहेरून गाडी जाते. मुलाचे चित्त किती ढळते, हे त्यातून मोजता येते.

माझ्या परिचयातील एका बाईंनी मला विचारले, “सर, हा चष्मा घरी आणला, तर आमचा मुलगा पूर्वीसारखा होईल का हो?” आईचा प्रश्न, उत्तर जपून द्यावे लागते. चष्मा हे औषध नव्हे. मेंदूला इजा झालेल्या मुलांवरचे ह्या विषयातील अभ्यास अजून लहान आहेत. डोळ्यांना चाललेले दिसते आणि शरीर तर जागीच असते, त्यामुळे काहींना मळमळते. ज्या मुलाला झटके येतात, त्याला डॉक्टरांना विचारल्यावाचून तो लावूच नये. आणि खोट्या रस्त्यावर शिकलेले पाऊल शेवटी खऱ्या रस्त्यावर, कोणाचा तरी हात धरून, पुन्हा टाकावेच लागते. तो हात यंत्राला नाही. मी त्या बाईंना इतकेच सांगितले, की व्यायाम शिकवणाऱ्यांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली जरूर करून पाहा. पण रोजचा व्यायाम सोडू नका.

राहता राहिली गोष्ट पडण्याचीच. २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात चार वर्षांवरील मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे झाले. तरीही वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पुढे उभे असलेले मूल उघड्या डोक्याचे, हे दृश्य आपल्या शहरात रोज दिसते. ह्या दिवाळीत मुलांना नवे कपडे घ्याल, तेव्हा त्यांच्या मापाचे एक हेल्मेटही घ्या. फटाक्यांहून ते अधिक दिवस टिकेल.