फोनचं कुलूप काढताना

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा; तुम्ही डेव्हलपर झाल्याचा निरोप येतो. पदवी फुकटची, पण बूटलोडरचं कुलूप काढू देणारं ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण तिच्याच आड असतं. फोन सुरू होताना अँड्रॉइडच्या आधी जागा होतो तो बूटलोडर. कंपनीची डिजिटल सही पटल्याशिवाय हा पहारेकरी प्रणालीला आत सोडत नाही. त्याचं कुलूप काढलं, की डिसेंबर २०१६मध्ये सायनोजेनमॉड या प्रणालीच्या जागी आलेली लिनिएजओएससारखी प्रणाली बसवता येते. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोन पुन्हा कामाला लागतो. मात्र कुलूप निघताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. चोराच्या हाती तुमचे फोटो लागू नयेत म्हणून ही तजवीज. शिवाय बँकांची काही ॲप रुसतात ती वेगळीच. तेव्हा आधी बॅकअप घ्या, आणि प्रयोग जुन्या फोनवरच करा.