दूरच्या गड्यांचा खेळ

गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवन येथें १७६३ सालीं माधवराव पेशवे आणि निजाम यांच्या सैन्यांची लढाई झाली. समजा, चार मित्रांनीं तीच खेळावयास घेतली : एक निवेदक, बाकीचे स्वार, हेर आणि नावाडी. गोदावरीला पूर आहे. नाव पैलतीरीं लागेल कीं नाहीं, हें फांसे ठरवितात. भूमिका घेऊन खेळण्याचा असा प्रकार 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला.

त्याची मोठी अडचण म्हणजे गडी जमविणें. लहान गांवीं आवड असली तरी सोबती दुर्मिळ. २०१२ सालीं निघालेल्या 'रोल ट्वेंटी'सारख्या साधनांनीं आंतरजालावर नकाशा आणि फांसे आणले; २०२० च्या टाळेबंदींत अनेकांना तोच आधार झाला. विखुरलेल्या गड्यांचें लोकमतहि बनलें. २०२३ च्या आरंभीं प्रकाशक कंपनी इतर लेखकांना दिलेला जुना खुला परवाना बदलूं पाहत होती. खेळाडूंच्या निषेधापुढें तिला माघार घ्यावी लागली.

मात्र फांसा थांबेपर्यंत सर्वांनीं एकत्र श्वास रोखण्याची मौज पडद्यावर पुरती येत नाहीं. म्हणून दूरचे गडी अवश्य जोडावे. पण शेजाऱ्यासाठीं घरींहि पट मांडावा.