वाळूच्या टेकड्यांवरचा बिनपंखी भुंगा

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या एका काळसर, गोलसर भुंग्याचे वर्णन ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जॉन वेस्टवूड यांनी 1837 मध्ये केले. 1866 मध्ये जॉन लकाँट यांनी अशा भुंग्यांसाठी 'मायकोट्रूप्स' ही प्रजाती स्थापन केली. पण या भुंग्यांचे सविस्तर चित्र उभे राहिले ते 1954 मध्ये, एडा ओल्सन, थिओडोर हबेल आणि हेन्री हाउडन यांच्या ग्रंथामुळे.

त्यात पाच जाती नोंदवल्या आहेत. दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा या राज्यांबाहेर त्या कुठेही सापडत नाहीत, आणि तिथेही प्रत्येकीचा टापू वेगळा. याचे कारण त्यांच्या अंगातच आहे. वरची कवचे एकमेकांना चिकटलेली आणि आतले पंख खुरटलेले असल्याने हा भुंगा उडूच शकत नाही. कोरड्या, खोल वाळूत बीळ खणायचे आणि उकरलेल्या वाळूचा ढीग बिळाच्या तोंडाशी लावायचा, असे त्याचे जगणे. पाणथळ सखल भाग ओलांडून पलीकडची टेकडी गाठणे त्याला जमत नाही.

ग्रंथकर्त्यांनी या विखुरलेपणाचा धागा समुद्राच्या इतिहासाशी जोडला. पूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा उंच असताना सखल जमीन पाण्याखाली जाई आणि उंच वाळूचे पट्टे बेटांसारखे उरत. त्या बेटांवर अडकलेले भुंगे पिढ्यान्‌पिढ्या वेगळे होत गेले, असा त्यांचा तर्क होता. एका किड्याच्या वस्तीवरून किनाऱ्याचा भूतकाळ वाचण्याची ही दृष्टी मला या साऱ्या संशोधनातली सर्वांत मोलाची वाटते.

पुढे संशोधकांचे लक्ष हे भुंगे उकरतात त्या जमिनीकडे वळले. कॅलिझ आणि स्टोन यांनी 1984 मध्ये उत्तर-मध्य फ्लोरिडातल्या अभ्यासातून दाखवले, की मायकोट्रूप्सचे आप्त असलेले पेल्टोट्रूप्स भुंगे आणि बिळात राहणारे गोफर खालची वाळू वर आणून मातीचे थर मिसळत राहतात.

दरम्यान या टेकड्यांवरची लांबपानी पाइनची जंगले आक्रसली. एकेकाळी सुमारे 9 कोटी एकरांवर पसरलेल्या या जंगलाचा आज जेमतेम विसावा हिस्सा उरला आहे. तोड, शेती आणि घरबांधणी यांच्या जोडीला, या जंगलाला गरजेचे असलेले वणवे माणसाने दडपले, हेही एक कारण.

उडता येणारा किडा जागा बदलतो. या भुंग्याला ती सोय नाही. म्हणून त्याला वाचवायचे तर त्याची टेकडीच राखली पाहिजे, दुसरा मार्ग नाही.