पिशवीतला वाफसा

परभणीच्या काळ्या जमिनीची थोरवी तुम्हाला ठाऊक आहेच. पावसाळ्यात प्यालेल्या पाण्यावर ती रब्बीची ज्वारी पोसते. मग हीच माती पिशवीत भरून काकडी लावली तर? मी गच्चीवर तसे करून पाहिले. रोज पाणी घातले, आणि पंधरा दिवसांत वेल पिवळी पडली! पाणी कमी पडले नव्हते, हवा कमी पडली होती.

असे का व्हावे? एक जाड स्पंज भिजवून तळहातावर आडवा धरा. थेंब थांबले की तो उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. छिद्रे तीच, वाढली ती उंची. केशाकर्षणाने पाणी ठराविक उंचीपर्यंतच तोलले जाते. छिद्राची त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर सुमारे १५ सेंटिमीटर, १ मिलिमीटर असेल तर जेमतेम दीड. चिकणमातीची छिद्रे तर फारच बारीक. शेतात खालची जमीन पाणी ओढून घेते. पिशवीच्या तळाशी ओढणारे कोण? माती चिंब राहते, मुळे गुदमरतात. काकडीची मुळे त्या बाबतीत विशेष नाजूक.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असणे, तो पिशवीत दिवसभर टिकवायचा आहे. म्हणून हरितगृहात मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरतात. त्यात कधी परलाइट मिसळतात. ही ज्वालामुखीची काच, तापवून लाहीसारखी फुगवलेली. अशा माध्यमात लहानमोठी दोन्ही छिद्रे असतात.

पण साठा थोडा! मोठी वेल उन्हाळ्यात दिवसाला दोनतीन लिटर पाणी सहज पिते. म्हणून ठिबकने थोडे थोडे, दिवसातून अनेकदा पाणी द्यावे लागते. मे महिन्यात दुपारी वीज गेली, पंप थांबला, तर संध्याकाळपर्यंत वेल माना टाकते. काळ्या रानातल्या कपाशीला अशी घाई नसते. ज्वारी-कपाशी पिशवीत नेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

खतही याच पाण्यातून विरघळवून देतात. वेल पाणी अधिक पिते, क्षार मागे साठतात. ते धुऊन जावेत म्हणून दिलेल्या पाण्यापैकी साधारण पाचवा हिस्सा तळातून वाहू देतात. आपल्याकडच्या खारट विंधनविहिरींच्या पाण्याला तर याहून अधिक. हे पाणी गोळा करून पुन्हा वापरता येते, मात्र आधी क्षार मोजून.

शाळेत करायचे असेल तर पिशवी सकाळी पाणी निथळल्यावर वजनकाट्यावर ठेवा आणि मध्ये पाणी न देता दोन तासांनी पुन्हा तोला. जितके ग्रॅम घटले, जवळजवळ तितके मिलिलिटर पाणी उडाले. हाच प्रयोग ढगाळ दिवशी करा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा.